कुंकू लागलेली सदतीस पाकिटं

आयुष्यात मी एकच कायदा केला. तो दीड पानी होता, कार्बन लावून टाईप केलेला, आणि त्यातलं शेवटचं कलम लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की चहाचं आधण ठेवलं आणि गॅस पेटवायलाच विसरले. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आज ती बाई समोरून येताना दिसली तर मी रस्ता बदलीन.

१९९०च्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही कुवेतमध्ये, हवल्लीत राहायचो. मी एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, नवरा एका कंपनीत ड्राफ्ट्समन. आमचं एक मराठी मंडळ होतं. त्यात डॉक्टर, नर्सेस, टेक्निशियन असे आम्ही होतो आणि कोकणातून कंत्राटावर आलेले सुतार, गवंडी, इलेक्ट्रिशियनही होते. ते जलीबला, शहराबाहेरच्या कामगार वस्तीत, एका खोलीत आठ-आठ जण राहायचे. वर्गणी दोघांची सारखीच. पण हॉलमधले कार्यक्रम मात्र 'फक्त फॅमिलीसाठी'.

तिथे फॅमिली म्हणजे ज्याची बायको-मुलं तिथे त्याच्याजवळ आहेत तो. बाकीचा बॅचलर. गावाला बायको, तीन मुलं आणि म्हातारी आई असली, तरी जलीबमधला माणूस बॅचलरच. हा शब्द आम्ही इतक्या सहज वापरायचो की त्यात काही विचित्र आहे हे आमच्या लक्षातच येत नसे.

मंडळ वर्षातून एक नाटक करायचं. मी त्यात काम करायचे. म्हणजे रंगमंचाच्या मधोमध उभी राहायचे आणि बाकीच्यांनी माझ्याभोवती काम करायचं. नाटकाचा सेट उभा करायचे मालवणकडचे एक सुतार. त्यांना सगळे मेस्त्री म्हणत. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, सकाळी ते जलीबहून फळ्या घेऊन यायचे आणि संध्याकाळपर्यंत आमच्यासाठी दिवाणखाना उभा करायचे. दारं खरोखर उघडायची, खिडकीला कडी असायची. तिसरी घंटा झाली की मदतीला आलेले बाकीचे बॅचलर निघून जायचे. मेस्त्रींना तेवढं राहू द्यायचे, कारण ऐन वेळी दार अडकलं तर कोण बघणार? ते पडद्यामागे स्टुलावर बसून राहायचे.

त्या वर्षी तालमीला आले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"वैनीनू, एक सांगू? चार वर्सां मी तुमचा नाटक मागसून बगतंय. तुमचो अंबाडो माका तोंडपाठ आसा. एकदा समोरसून बगूक होया."

"म्हणजे हॉलमध्ये बसून?"

"खुर्चेर. पयल्या लायनीत नको. मधी खय तरी चलात."

मी त्याच शुक्रवारी कमिटीत ठराव मांडला: सर्व सभासदांना सर्व कार्यक्रमांना प्रवेश. त्याबद्दल मी आजही स्वतःला दोन गुण देते. पुढचे सगळे वजा.

मंडळाची घटना बदलायची तर सगळ्या सभासदांचं मत घ्यायला हवं होतं. शहरापासून लांब, जहराच्या हॉस्पिटलमधल्या नर्सेसना शिफ्ट सोडून येणं शक्य नव्हतं, जलीबच्या लोकांना कंपनीची बस मिळाली तर मिळाली. म्हणून मतं टपालाने मागवायची असं ठरलं. यावर आमचे खजिनदार म्हणाले, "छान. जलीबमध्ये एक माणूस मांडी घालून बसेल आणि सगळ्यांची मतं भरून टाकील. मग निकालाला अर्थ काय?"

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना भीती एवढीच, की बॅचलर आत आले तर बायका नाटकाला यायच्या बंद होतील. पण मला राग आला. मी म्हटलं, मी असा नियम करून आणते की कोणाला बोटसुद्धा ठेवता येणार नाही.

आता लॅबची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे नमुना आला की आधी बाटली बघायची, आतलं नंतर. लेबल फाटलेलं, बूच सैल, लेबलावर डाग, म्हणजे नमुना बाद. आत काय आहे ते बघायचंसुद्धा नाही, कारण बघितलं की मोह होतो. मी या कामात तरबेज होते. वॉर्डबॉय मला बघून ट्रे घेऊन मागे फिरायचे. तर मतपत्रिकेची पाकिटं म्हणजे रक्ताच्या बाटल्याच, असं समजून मी कायदा लिहिला. मतपत्रिका आणि पाकीट मंडळाने छापलेलंच. पाकीट बंद केल्यावर झाकणावर अर्धी आणि खाली अर्धी अशी सही. आणि ते शेवटचं लाडकं कलम: पाकिटावर नाव आणि सही सोडून कोणतीही खूण, डाग वा लिखाण असल्यास ते पाकीट न उघडता बाद समजावे.

मसुद्यावर चर्चा करायला अध्यक्षांच्या घरी सभा झाली. अध्यक्ष हाडांचे डॉक्टर. त्यांना कुठलीही चर्चा प्लास्टर घालून लवकर संपवायची असे. जहराहून एक नर्स मुद्दाम सुट्टी टाकून आली होती, सोलापूरकडची, तोंडाने फटकळ. तिने कागद वाचला आणि खाली ठेवला.

"ताई, मी ड्युटीवरून येणार, भाजी फोडणीला टाकणार, आणि तेवढ्यात पाकीट भरणार. डाग पडला तर?"

"तर बाद."

"काय बाद? भाजी का मत?"

सगळे हसले. मी हसले नाही. मी म्हणाले, "नियमाला भाजी कळत नाही." हे वाक्य मी खरोखर म्हणाले. पाच-सहा जणांसमोर. साडी नेसून.

मेस्त्री दाराजवळ खाली बसले होते. सोफ्यावर जागा होती तरी. त्यांनी विचारलं, "वैनीनू, पाकीट टपालानाच येवक होया? आमची टपाल कंपनीच्या पेटीत येता. मंदूब मनात इला की आणता. रमजानात तर इसरानच जाता."

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करत फिरणारा माणूस. त्याच्या मनात येणं ही खरोखरच मोठी गोष्ट होती. मी उदारपणे मान डोलावली. जलीबची पाकिटं मेस्त्रींनी एकत्र आणली तरी चालतील, पण प्रत्येक स्वतंत्र बंद केलेलं हवं, प्रत्येकाची सही हवी. खजिनदारांनीही हरकत घेतली नाही. नियम मंजूर झाला.

परत येताना गाडीत नवरा म्हणाला, "तुला मतं हवी आहेत की पाकिटं?"

मी त्याच्याशी दोन सिग्नल बोलले नाही.

मोजणी एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी, अध्यक्षांच्या जेवणाच्या टेबलावर. पाकिटं बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवली होती आणि डब्याला मी लॅबमधली चिकटपट्टी लावून सील केलं होतं. टेबलाशी अध्यक्ष, खजिनदार आणि मी. मेस्त्री जलीबतर्फे आलेले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला गठ्ठा. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि हात शर्टाला पुसले.

डब्यातलं पहिलंच पाकीट माझं निघालं. त्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा होता. हळद आणि तेल. मला आठवलं, मी ते बटाट्याच्या भाजीच्या हाताने उचललं होतं. अध्यक्ष म्हणाले, "बरं, हे ठेवा इकडे." मी म्हणाले, "नाही. बाद." आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं मत बाजूला ठेवलं. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते, कारण आता सांगायला हरकत नाही. मला वाटलं, याचा फोटो काढायला हवा होता.

जहराच्या नर्सचं पाकीट स्वच्छ आलं. तिने ते हॉस्पिटलच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवलं होतं, वर चिठ्ठी: 'भाजी केली नाही.'

मग मेस्त्रींनी सुतळी सोडली. सदतीस पाकिटं. सह्या जागेवर, झाकणावर अर्ध्या, खाली अर्ध्या. काही सह्या म्हणजे तीन अक्षरं काढायला केलेली कसरत होती, पण अगदी नियमाप्रमाणे. आणि प्रत्येक पाकिटावर, झाकणाच्या टोकाशी, एक कुंकवाचा ठिपका. सगळे एका आकाराचे, एका रेषेत, सुताराने पेन्सिलीने खूण करून लावावेत तसे.

मी गठ्ठा चाळला. कोरं एकही नव्हतं.

"मेस्त्री, हे काय?"

"खयचा?" त्यांनी वाकून बघितलं. मग त्यांचा चेहरा पडला. "कुंकू. गावच्या देवळातला. माझ्याकडे पुडी होती."

"पण कशाला?"

"चांगल्या कामाचा पाकीट कोरा कसा धाडूचा, वैनी? लग्नाची पत्रिका धाडतत तसा… ध्यानातच इला नाय माझ्या."

अध्यक्षांनी चष्मा काढला, म्हणजे आता त्यांना काही दिसत नव्हतं. "वहिनी," ते म्हणाले, "आपण उघडायला सुरुवात करू या."

मी कलमावर बोट ठेवलं.

आणि मग जे झालं ते आजही आठवलं की मला एकटीलाच हसू येतं, आणि ते फारसं चांगलं हसू नसतं. खजिनदार, ज्यांच्यासाठी मी हा सगळा बंदोबस्त केला होता, ते खुर्चीत सरकून बसले आणि म्हणाले, "जाऊ द्या हो. कुंकूच आहे. मी हरकत घेत नाही."

"तुम्ही हरकत घेण्याचा प्रश्नच नाही."

"अहो, ठराव तुमचाच आहे ना?"

"म्हणूनच," मी म्हणाले.

म्हणूनच! शेजारच्या फ्लॅटमधला इजिप्शियन गृहस्थ भिंतीला कान लावून ऐकत असता, तर त्यालाही भाषा न कळता कळलं असतं की इथे एक मूर्ख बाई बसली आहे. मी सदतीसच्या सदतीस पाकिटं मोजून बाजूला ठेवली. उरलेली उघडली. ठराव अकरा मतांनी पडला.

मेस्त्री सुतळीची गुंडाळी करत होते. नीट, बोटांभोवती, शेवटचं टोक आत खोवून. ती खिशात घातली आणि मला विचारलं, "मगे सेटाचा माप कधी घेव?"

नाटक मे महिन्यात झालं. दारं उघडली, बंद झाली. मला वाटत होतं, निदान एखादं दार तरी अडकेल, आणि मला थोडं बरं वाटेल. अडकलं नाही. दुसऱ्या अंकात मी पाठ करून खिडकीशी गेले तेव्हा मागे स्टुलावर मेस्त्री बसलेले दिसले. त्यांनी मान हलवली, चाललंय बरं म्हणून. मला पुढचं वाक्य आठवेना. नवऱ्याने विंगेतून सांगितलं.

बाद झालेला नमुना लॅबमध्ये लगेच फेकत नाहीत. कोणी तक्रार केली तर दाखवायला ठेवतात. म्हणून ती पाकिटं मी एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर लेबल लावलं, 'बाद. उघडू नये', आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. जुलैत मुलांना घेऊन आम्ही दोन महिन्यांच्या सुट्टीवर गावी निघालो. कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायला खालच्या बकालावाल्याला, म्हणजे किराणा दुकानदाराला, सांगितलं. घराची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मी तिथे नव्हते, म्हणून मी सांगत नाही. किल्ली मात्र पुढचे चौदा महिने पर्समध्येच राहिली. नवऱ्याने पुण्यात नोकरी धरली, मुलं तिथल्या शाळेत गेली.

१९९१च्या ऑक्टोबरमध्ये हॉस्पिटलने जुन्या टेक्निशियनना परत बोलावलं. कुटुंबाचा व्हिसा तेव्हा मिळत नव्हता. मी एकटी गेले. तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या. दुपारी दोरीवर पांढरा कोट वाळत घातला तर संध्याकाळी करडा होऊन मिळायचा.

किल्लीची गरज पडली नाही, कारण दाराला कुलूपच नव्हतं. आत फ्रिज नव्हता, टीव्ही नव्हता, पडदे नव्हते, भिंतीवरची बटणंसुद्धा काढून नेली होती. कपाटही नेलं होतं. ते नेताना आतलं सामान जमिनीवर ओतलं असावं. त्या ढिगात माझी पिशवी पडली होती, बंद, लेबलासकट. 'उघडू नये.' माझा हुकूम इतक्या काटेकोरपणे पाळणारे मला आयुष्यात तेवढेच भेटले.

मी जमिनीवर बसले आणि एकेक पाकीट उघडलं. कुंकू अजून लाल होतं, बोटाला लागत होतं. आतल्या कागदांवर होय, होय, होय. छत्तीस जणांनी होय म्हटलं होतं. एकाने ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. जलीबच्या त्या खोलीत सगळ्यांदेखत कुंकू लावून घेऊन हा गृहस्थ गुपचूप आमच्या खजिनदारांच्या बाजूने मत देऊन मोकळा झाला होता. एकच माणूस मांडी घालून सगळ्यांची मतं भरील म्हणे!

पुढच्याच आठवड्यात लॅबच्या कॉरिडॉरमध्ये ठोकाठोक ऐकू आली. हॉस्पिटलची दारंही गेलेली होती. नवी बसवायला माणसं आली होती. बिजागरी धरून उभा असलेला माणूस वळला.

"वैनीनू! तुमी कधी इल्यात?"

"मेस्त्री, तुम्ही?"

"दारां लावूक. ह्या देशात आता दारांचाच काम आसा." मग त्यांनी चारच वाक्यांत सांगितलं की ते बसने बगदादवरून जॉर्डनला गेले, सरहद्दीवर नऊ दिवस तंबूत काढले, अम्मानहून विमानाने मुंबईला पोचले, आणि हत्यारांची पेटी जलीबलाच राहिली. पेटीबद्दल बोलताना त्यांचा आवाज जरा बदलला, बाकी नाही.

"मेस्त्री, ती पाकिटं सापडली."

"खयची?"

"तुमची. सदतीस. मी उघडली."

त्यांनी स्क्रू फिरवायचा थांबवला. "ती बाद होती मगे?"

मंडळाची सभा नोव्हेंबरात, परत त्याच हाडांच्या डॉक्टरांच्या घरी झाली. खजिनदार परतले नव्हते. आम्ही अकरा जण होतो. जहराची नर्स होती, तिच्या नवऱ्याला व्हिसा नव्हता. डॉक्टरांची बायको मिरजेला. माझा नवरा पुण्यात. डॉक्टरांनी मंडळाची घटना वाचायला घेतली, कारण सभा सुरू करण्याची दुसरी पद्धत त्यांना माहीत नव्हती, आणि त्या कलमाशी येऊन थांबले. कार्यक्रमांना प्रवेश फक्त फॅमिलीसाठी.

"मग आपल्यात फॅमिली कोण?" नर्सने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मेस्त्री आज सोफ्यावर बसले होते. फॅमिली एकही नव्हती. सगळे बॅचलर, डॉक्टरांसकट, माझ्यासकट.

मी पिशवी टेबलावर ठेवली. म्हणाले, ही मतं धरली असती तर ठराव तेव्हाच पास झाला असता. तेव्हा माझं चुकलं. ती आता धरावीत.

"नाय, वैनी," मेस्त्री म्हणाले. चेहरा अगदी गंभीर. "ती बाद आसत. कुंकू लागलेला आसा. कायदो म्हणजे कायदो."

"अहो मेस्त्री…"

"कायद्याक भाजी कळणा नाय, तसा कुंकू पण कळणा नाय."

नर्स इतकी हसली की तिच्या हातातला चहा बशीत सांडला. म्हणजे दीड वर्ष, तंबूतले नऊ दिवस धरून, त्यांनी ते वाक्य जपून ठेवलं होतं.

"मग काय करायचं?" डॉक्टर म्हणाले. "सरळ हात वर करा. प्रवेश सगळ्यांना, कोण कोण बाजूने?"

माझ्या कायद्याप्रमाणे हात वर करून मत देता येत नव्हतं. ते कोणाला आठवलं नाही, किंवा आठवूनही कोणी बोललं नाही. पहिला हात मी वर केला.

नाटक डिसेंबरात, डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीत. दोन पात्रांची एकांकिका: मी आणि डॉक्टर. सेट नाही, पडदा म्हणून दोरीवर चादर. मेस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले. जलीबचे आणखी चौघे आले. खुर्च्या दोनच ओळी होत्या, मेस्त्रींना पहिल्या ओळीत मधोमध बसवलं. ते पूर्ण वेळ गुडघ्यांवर हात ठेवून, न हलता बसले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, आणि तरी मला सतत दिसत होतं की ते बघताहेत.

संपल्यावर टाळ्या झाल्या. मी चादरीमागून बाहेर आले आणि सरळ त्यांच्यासमोर उभी राहिले. दीड वर्षानंतरही मला शाबासकी हवीच होती.

"कसं वाटलं, मेस्त्री? समोरून?"

ते जरा विचारात पडले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"बरा होता," ते म्हणाले. "पण एक सांगतंय. तुमी मधी वाक्य इसरल्यात, दोनदा. मागसून ता कधी कळा नाय. समोरसून तोंडार दिसता."

"मग?"

"मगे काय. फुडल्या वर्सा मी एक दार करून देतंय. वाक्य इसरल्यात काय दारातसून आत जावा."